तलवारीची पंगत

"सैन्यात जाणं हा कुणाचा हक्क नसतो, तो मान असतो." सैन्याबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक वादात हे वाक्य कुणीतरी उच्चारतंच. बायकांना कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतचं अधिकारीपद, द्यावं का, अग्निवीरांचं चार वर्षांनी काय, अमुक पलटणीत ठरावीक जातींचेच लोक का, विषय कुठलाही असो, हे वाक्य आलं की पुढचं बोलणं संपतं. म्हणणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. गणवेशाबद्दल त्याला आदर असतो, तसा तो मलाही आहे. सैन्यात ज्याला घ्यायचं त्याच्या हातात बंदूक द्यायची असते आणि शेजारच्या माणसाचा जीवही सोपवायचा असतो. निवड कडक हवीच. ज्याला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही त्याला काही कामांसाठी नाकारलं, तर त्यात अन्याय काहीच नाही.

तरीही हे वाक्य मला पटत नाही. का पटत नाही हे सांगायचं तर महाराष्ट्राच्या इतिहासातून जावं लागतं, कारण सैन्याचं दार उघडणं, बंद होणं, पुन्हा उघडणं, पुन्हा बंद होणं हे सगळं इथल्या एका समाजानं दीडशे वर्षांच्या आत अनुभवलं आहे.

खर्ड्याच्या लढाईची एक गोष्ट परंपरेनं सांगितली जाते. १७९५ साली मराठ्यांच्या फौजा निजामाविरुद्ध जमल्या होत्या. त्यांत कळंबीचा सिदनाक महार आपली माणसं घेऊन आला होता. त्याचा तंबू आपल्या तंबूंच्या जवळ पडला, याला काही सरदारांनी हरकत घेतली. तक्रार वरपर्यंत गेली. तेव्हा एका वडीलधाऱ्या सरदारानं सुनावलं की ही जेवणाची पंगत नव्हे, तलवारीची पंगत आहे. इथे जात पाहायची नसते. पुढे त्याच लढाईत परशुरामभाऊ पटवर्धनांवर प्राणावरचा प्रसंग आला आणि सिदनाकानं त्यांना वाचवलं, असं ही गोष्ट सांगते.

ही गोष्ट बहुतेकदा अभिमानानं सांगितली जाते. मला मात्र तिच्यातली तक्रार जास्त महत्त्वाची वाटते. सिदनाक लढण्यात कमी पडतो, असं तक्रार करणाऱ्यांनी म्हटलंच नव्हतं. त्याची तलवार, त्याचं धाडस, त्याची निष्ठा यांबद्दल कुणाला शंका नव्हती. त्यांची अडचण एवढीच होती, की तो जवळ नको. शंभर वर्षांनी हीच अडचण सरकारी धोरण बनून आली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. १ जानेवारी १८१८ला कोरेगावला जी लढाई झाली तिच्या स्मृतिस्तंभावर मेलेल्या शिपायांची नावं कोरली आहेत, आणि त्यांतली बरीचशी 'नाक' या प्रत्ययानं संपतात. तो प्रत्यय त्या काळी महारांच्या नावांची खूण होता. फौजेत नोकरी म्हणजे ठरलेला पगार, म्हातारपणी पेन्शन, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे शाळा. शिपायांना आणि त्यांच्या मुलांना लष्करात शिकायला मिळत होतं. गावातल्या शाळेच्या पायरीवरसुद्धा ज्यांना उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांच्या मुलांच्या हातात छावणीत पाटी आली. रामजी मालोजी सकपाळ हे अशाच घरातले. वडील लष्करात, सासरेही लष्करात, स्वतः सुभेदार आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. त्यांचा धाकटा मुलगा १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मला. तो पुढे या देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. छावणीतली ती शाळा नसती तर काय झालं असतं, हा विचार मला अस्वस्थ करतो.

या मुलाच्या जन्मानंतर वर्षभरातच, १८९२च्या सुमारास, महारांची लष्करभरती थांबवण्यात आली.

ती का थांबली, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण 'मान' या कल्पनेचं खरं रूप इथे उघडं पडतं. १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी फौजेची रचना बदलायला सुरुवात केली. पुढे रशियाची भीती वाढली, लक्ष वायव्य सरहद्दीकडे गेलं, आणि पंजाबी, पठाण, गुरखे हेच खरे लढवय्ये, दक्षिणेचे शिपाई आता मऊ पडले आहेत, असं मत जोर धरू लागलं. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे या मताचे मोठे पुरस्कर्ते. कोणती जात लढवय्यी आणि कोणती नाही याच्या याद्या तयार झाल्या. त्यातच एकेका जातीच्या वेगळ्या कंपन्या आणि वेगळ्या पलटणी करायचं ठरलं. अशा रचनेत अस्पृश्यांना जागा कुठे? त्यांच्यासोबत राहायला, जेवायला, त्यांचे हुकूम पाळायला वरच्या जातींचे शिपाई तयार होणार नाहीत, हे धरूनच चाललं होतं. ज्यांच्या बापआजांनी कोरेगावला रक्त सांडलं ते एका आदेशानं बिनलढवय्ये ठरले. त्यांच्या अंगातलं बळ १८९१ आणि १८९३ या दोन वर्षांत बदललं नव्हतं.

मग अर्ज सुरू झाले. रामजी सुभेदारांनी न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीनं सरकारकडे दाद मागितली, असं आंबेडकरांच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः लष्कराचे पेन्शनर. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेवर प्रश्नांचा भडिमार केला होता. पुढच्या दशकात लष्करभरती परत सुरू करावी म्हणून त्यांनी विनंतिपत्र तयार केलं. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, आणि १९१० साली लंडनच्या भारतमंत्र्यांपर्यंत गाऱ्हाणं नेलं. पोलिसांत घ्या, फौजेत घ्या, सरकारी नोकरीत खालच्या जागांवर तरी घ्या, एवढंच त्यात मागणं होतं.

या अर्जांचा सूर आज वाचताना जड जातो. त्यांत सरकारवरच्या निष्ठेची ग्वाही आहे, पूर्वजांनी कंपनीसाठी लढलेल्या लढायांची आठवण आहे. परक्या साम्राज्यासाठी मरायची परवानगी कशाला मागायची, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. पण हा प्रश्न ज्याच्याकडे दुसरी दारं उघडी आहेत त्याचा आहे. गावात महाराला मिळणारं काम वतनाचं, म्हणजे राबणं पुष्कळ आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर. फौजेत पगार मर्जीवर नव्हता. तिथे सुभेदार होता येत होतं, आणि सुभेदाराला खालच्या माणसानं सलाम करावाच लागत होता. गावाकडे रजेवर परतलेला शिपाई विहिरीपासून दूर उभा राहत असेल, पण त्याला आता हे माहीत असायचं की असं उभं राहणं हा निसर्गाचा नियम नाही. वलंगकर आणि रामजी सुभेदार हे दोघंही कोकणातले, दोघंही लष्करातून बाहेर पडलेले. १९२७चा महाडचा सत्याग्रह ज्या पट्ट्यात झाला तिथे लष्करी पेन्शनरांची घरं पिढ्यान्‌पिढ्या होती. याला मी योगायोग मानत नाही.

१९१४ साली महायुद्ध सुरू झालं, माणसं कमी पडू लागली. जे पंचवीस वर्षं बिनलढवय्ये होते ते १९१७ साली पुन्हा लढवय्ये झाले आणि १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, खर्चात कपात आली, आणि १९२१पर्यंत ती पलटण मोडीत निघाली. पुन्हा वीस वर्षं दार बंद. १९४१मध्ये दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आंबेडकरांची नेमणूक झाली. महारांची स्वतंत्र पलटण हवी हा आग्रह त्यांनी लावून धरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. सुरुवातीच्या तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढची कहाणी सगळ्यांना ठाऊक असायला हवी: याच रेजिमेंटनं के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख दिले, आणि १९८७ साली श्रीलंकेत मेजर रामास्वामी परमेश्वरन यांनी मरणोत्तर परमवीरचक्र मिळवलं. आज या रेजिमेंटमध्ये सगळ्या जातींचे, सगळ्या प्रांतांचे जवान आहेत.

दार १९१७ला उघडलं, १९२१ला बंद झालं, १९४१ला उघडलं. लायकीवर मिळणारा मान असा घड्याळ लावून येत-जात नसतो. इथे माणसांची गरज होती तेव्हा लायकी दिसली आणि गरज सरली तेव्हा ती दिसेनाशी झाली. म्हणून मला असं वाटतं की 'मान' हा शब्द कोण वापरतंय याकडे आधी बघावं. ज्याच्या हातात दाराची कडी आहे त्याला हा शब्द फार सोयीचा असतो. मान दिला नाही तर कारण द्यावं लागत नाही. हक्क नाकारायचा असेल तर कारण लागतं, आणि एकदा कारण सांगितलं की ते खरं की खोटं हे कुणीतरी तपासू शकतं.

हे तपासणं काय असतं, याचं आपल्या काळातलं उदाहरण म्हणजे बायकांच्या कमिशनचा खटला. १९९२ साली डॉक्टर आणि नर्स सोडून इतर शाखांमध्ये बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात झाली, तीही फक्त ठरावीक वर्षांसाठी. कायमस्वरूपी कमिशन पुरुषांना, बायकांनी मुदत संपली की घरी जायचं. ज्यांनी काश्मीरमध्ये, ईशान्येत, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर नोकरी केली त्यांना चौदा वर्षांनी, धड पेन्शनही नसताना, नवं काम शोधावं लागे. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे मांडलेल्या कारणांत बाईची शरीररचना होती, बाळंतपण होतं, घरच्या जबाबदाऱ्या होत्या. आणि एक कारण असं होतं की जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात, बाईचा हुकूम मानायला त्यांचं मन अजून तयार नाही.

हे कारण वाचलं तेव्हा मला थेट १८९२ आठवलं. खर्ड्याची तक्रारही आठवली. एकशे अठ्ठावीस वर्षांनंतर, स्वतंत्र देशात, आपलंच सरकार तेच सांगत होतं: तुझ्यात काही कमी आहे असं नाही, पण तुझ्यासोबत उभं राहायला बाकीचे तयार नाहीत. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या खंडपीठानं ही कारणं फेटाळली आणि तीन महिन्यांत अंमलबजावणीचा आदेश दिला.

माझं सगळं म्हणणं या एका ठिकाणी येऊन थांबतं. परीक्षा माझी घ्या, हवी तितकी कठीण घ्या. पण माझ्या शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते पाहून मला नापास करू नका. त्याचं मन तयार करणं हे सैन्याचं काम आहे, आणि सैन्याला ते उत्तम जमतं. पंजाबच्या मुलाला तामिळ अधिकाऱ्याचा हुकूम मानायला, गावातल्या मुलाला अनोळखी माणसासाठी गोळी झेलायला जी संस्था काही महिन्यांत शिकवते, ती बाईचा हुकूम मानायला शिकवू शकत नाही, हे मला खरंच पटत नाही. तसं म्हणणं हा जवानांचाही अपमान आहे.

निकालानंतर काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. अंमलबजावणी करताना बायकांच्या तब्येतीची चाचणी लावली. पुरुष अधिकारी ज्या वैद्यकीय निकषातून नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी गेले होते, त्याच निकषावर पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेल्या बायकांना तपासलं गेलं. कागदावर नियम सगळ्यांना एकच. मार्च २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या प्रकाराला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुलींना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देऊ द्या असा अंतरिम आदेश आला, आणि मे २०२५मध्ये १७ मुली खडकवासल्याहून पदवी घेऊन बाहेर पडल्या. पण पायदळ आणि रणगाडा दल अजूनही बायकांसाठी बंदच आहे. मुळात १९५०च्या लष्कर कायद्याचं १२वं कलम सुरू होतं तेच या गृहीतावर, की बाईला नियमित सैन्यात घेता येणार नाही. सरकार राजपत्रात जाहीर करील त्याच शाखांमध्ये ती अपवाद म्हणून येऊ शकते. बंद दार हा नियम आणि उघडं दार हा अपवाद.

राज्यघटना काय म्हणते? सोळावं कलम सरकारी नोकरीत समान संधी देतं. तेविसावं कलम सांगतं की राज्याला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावता येईल, पण त्यात धर्म, वंश, जात किंवा वर्ग बघता येणार नाही. तेहेतिसावं कलम सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायची मुभा संसदेला देतं. आणि १९७६ साली आलेलं ५१-क कलम प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य सांगतं: देशाचं रक्षण करणं आणि बोलावणं आलं की राष्ट्रसेवा करणं. प्रत्येक नागरिकाचं. हक्क की मान, या भांडणात हे कर्तव्य आपण विसरून जातो. ज्याच्यावर कर्तव्य टाकलं आहे त्याला ते पार पाडण्याच्या रांगेत उभंसुद्धा राहू द्यायचं नाही, याचा अर्थ त्याला पुरता नागरिक मानलेलंच नाही. वलंगकरांना आणि कांबळ्यांना हे घटना लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं.

इथवर माझं मत ठाम आहे. पुढे एक जागा अशी आहे की जिथे मला स्वतःशीच भांडावं लागतं.

आमच्या नात्यातल्या एका मुलानं भरतीसाठी घाम गाळला. पहाटे डांबरी रस्त्यावर पळणं, नंतर पुलअप्स, नंतर अकॅडमीत गणित आणि जीके. २०२१ साली त्याचं ग्राऊंड निघालं. सोळाशे मीटर वेळेत पळाला, मेडिकलमध्ये फिट झाला. घरात पेढे आले. राहिली होती फक्त लेखी. लेखीची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. जून २०२२मध्ये अग्निपथ योजना आली आणि जुन्या सगळ्या भरत्या रद्द झाल्या. त्या एका वर्षापुरती वयाची मर्यादा एकवीसवरून तेवीस केली, पण नव्यानं अर्ज करायचा, नव्यानं पळायचं, आणि आता पंधरा वर्षांच्या नोकरीऐवजी चार वर्षांसाठी, त्यातल्या पंचवीस टक्क्यांनाच पुढे ठेवणार. अशी हजारो मुलं होती. काही जण न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना नकार दिला. भरतीच्या प्रक्रियेत उतरल्यानं नेमणुकीचा हक्क तयार होत नाही, हे कायद्याचं जुनं तत्त्व.

कायद्यानं ते बरोबरच आहे. सरकारला योजना बदलता यायला हवी. आणि माझ्या मांडणीनंही त्या मुलाचा सैनिक होण्याचा हक्क सिद्ध होत नाही; मी हक्क मागते तो परीक्षेचा. पण त्याची परीक्षा झाली होती! तीनपैकी दोन टप्पे तो पार झाला होता, तिसरा टप्पा त्याच्यासमोर ठेवलाच गेला नाही, आणि त्याचं वय मात्र पुढे सरकत राहिलं. जातीमुळे किंवा बाई म्हणून नाकारलं जाणं वेगळं, हे मला कळतं. इथे त्याला कुणीही कमी लेखलं नव्हतं. तरी सोसायचं त्यालाच होतं, आणि 'सैन्य हा मान आहे' हे वाक्य त्याला सगळ्यांत जास्त ऐकवलं गेलं ते याच काळात. तो आज सुरक्षारक्षकाची नोकरी करतो. गणवेश तिथेही आहे. सैन्याबद्दल तो एक वाकडा शब्द बोलत नाही, आणि त्याचं हे गप्प राहणं मला पटत नसलं तरी समजतं.

ज्या मुलांकडे पर्याय असतात त्यांच्या घरांत सैन्याला मान म्हणणं सोपं आहे. तिथे तो खरोखरच मान असतो, कारण पोट त्याच्यावर अवलंबून नसतं. सातारा, कोल्हापूर, सांगली, बुलढाणा इथल्या ज्या घरांतून मुलं पळतात तिथे मान आणि भाकरी वेगळ्या काढता येत नाहीत. रामजी सुभेदारांच्या घरातही त्या वेगळ्या नव्हत्या. पगारासाठी भरती होणारा कमी देशभक्त, असं मला कधीच वाटलं नाही. सीमेवर बर्फात उभं राहताना तो कुठल्या कारणानं आला हे कुणी विचारत नाही.

मला दोन गोष्टी हव्यात. पहिली, लष्कर कायद्याचं १२वं कलम उलट लिहिलं जावं. बायकांसह सगळे नागरिक सैन्याच्या सगळ्या शाखांसाठी पात्र, हा नियम असावा. आणि एखाद्या शाखेत एखाद्या गटाला घ्यायचं नसेल तर सरकारनं ती शाखा आणि तिचं कारण राजपत्रात लिहावं, म्हणजे ते कारण न्यायालयात तपासता येईल. दुसरी, सरकारनं स्वतःहून भरती थांबवली तर जितके महिने ती थांबली तितके महिने उमेदवाराच्या वयाची अट आपोआप पुढे जावी, आणि पार केलेला टप्पा पुढच्या भरतीत ग्राह्य धरावा. ही सवलत एखाद्या मंत्र्याच्या मेहेरबानीवर राहू नये. पहिल्या गोष्टीसाठी संसदेत एक छोटं दुरुस्ती विधेयक लागेल, दुसरीसाठी भरतीच्या नियमांत दोन वाक्यं.